जस्त गोठताना : दोन देशांचं तापमान ताडून पाहायचं कसं

आयटीएस-९० या आंतरराष्ट्रीय तापमान श्रेणीत जस्ताच्या गोठणबिंदूपुढे ४१९.५२७ अंश सेल्सिअस असा आकडा छापलेला आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनपीएलमध्ये, तोच आकडा. जर्मनीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत, पीटीबीत, तोच, अमेरिकेच्या निस्टमध्येही तोच. सगळ्यांचा आकडा एकच असेल तर ताडून पाहायचं तरी काय?

लॅबमध्ये नवीन आलेल्यांपैकी जे पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न विचारतात, त्यांचं पुढे बरं चालतं असं मी पाहिलंय. उत्तर सोपं आहे. आकडा व्याख्येतून आलेला आहे, तुमच्या भट्टीतलं जस्त व्याख्येतून आलेलं नाही. व्याख्येतलं जस्त पूर्ण शुद्ध असतं, त्याच्यावर बरोबर एक वातावरणाचा दाब असतो आणि त्यातला घन व द्रव भाग एकमेकांशी समतोलात असतो. तुमच्या जस्तात कुठेतरी चिमूटभर शिसं असतं, थोडं कॅडमियम असतं, भट्टी वरच्या टोकाला थोडी गार असते. प्रत्येक देश आपापल्या जस्ताला ४१९.५२७ म्हणतो. ते दोन देशांचं जस्त खरोखर किती वेगळ्या तापमानाला गोठतं, एवढाच आपला शोध. फरक मिलीकेल्विनच्या घरातला असतो, म्हणजे अंशाच्या हजाराव्या भागाचा.

हे कुणाला लागतं? चाकणच्या एखाद्या हीट ट्रीटमेंट शॉपमधलं थर्मोकपल, म्हणजे भट्टीचं तापमान मोजणारी तारांची जोडी, घ्या. त्याचं सर्टिफिकेट पुण्यातल्या कॅलिब्रेशन लॅबचं, त्या लॅबच्या मास्टर थर्मामीटरचं सर्टिफिकेट आणखी वरच्या लॅबचं, अशी साखळी चढत चढत दिल्लीला पोचते. दिल्लीच्या वर कोणी नाही. किलोग्रॅमचा नमुना जसा पूर्वी पॅरिसजवळ एका तिजोरीत असायचा, तसा तापमानाचा नमुना कधीच कुठे नव्हता. प्रत्येक राष्ट्रीय प्रयोगशाळा ही श्रेणी स्वतःच्या घरी नव्याने उभी करते. म्हणून तिथून पुढे साखळी वर न जाता आडवी जाते, शेजाऱ्याशी ताडून पाहत. १४ ऑक्टोबर १९९९ रोजी पॅरिसमध्ये राष्ट्रीय प्रयोगशाळांच्या प्रमुखांनी परस्पर मान्यतेच्या करारावर सह्या केल्या. तेव्हापासून या आडव्या ताडणीला रीतसर नाव आहे : की कम्पॅरिझन.

धातूच का, तेही एकदा समजून घ्या. कल्हईवाला पातेलं तापवतो, नवसागर टाकतो आणि कथलाची कांडी टेकवून बघतो. कथील वितळलं की त्याला कळतं, पातेलं पुरेसं तापलं. २३२ अंशांच्या आसपासचा हा फिक्स्ड पॉइंट, म्हणजे न हलणारा तापमानाचा टप्पा, त्याने थर्मामीटरशिवाय वापरलेला असतो. शुद्ध धातू गोठायला लागला की सुप्त उष्णता बाहेर पडत राहते आणि सगळा धातू घन होईपर्यंत तापमान जागचं हलत नाही. उकळत्या पाण्याचं तसं नाही. पुण्यातलं पाणी मुंबईतल्या पाण्याच्या आधी उकळतं, आणि तो फरक मिलीकेल्विनचा नसून जवळजवळ दोन अंशांचा असतो.

एक गंमत जाता जाता. १९६८च्या श्रेणीत जस्ताचा आकडा ४१९.५८ होता. १९९०च्या श्रेणीत तो ५३ मिलीकेल्विनने खाली आला. जस्त तेच होतं, आपली समज सुधारली. २० मे २०१९ पासून केल्विनची व्याख्या बोल्ट्झमन स्थिरांकावर बांधली गेली, तरी लॅबमधलं रोजचं काम अजून आयटीएस-९० वरच चालतं.

आता कामाला लागू. उदाहरण दोन लॅबमधल्या जस्ताच्या तुलनेचं घेतोय. कथील, ॲल्युमिनियम आणि चांदी यांचे नखरे वेगळे असतात, ते मधेमधे सांगेन.

पायरी १ : प्रवासाला कोण जाणार?

दोन पर्याय असतात. एकतर जस्ताचा सेल जातो, म्हणजे ग्रॅफाइटच्या मुशीत भरलेलं आणि बाहेरून क्वार्ट्झच्या नळीत बंद केलेलं जस्त. नाहीतर प्लॅटिनम रेझिस्टन्स थर्मामीटर जातो, प्लॅटिनमच्या तारेच्या विद्युत रोधावरून तापमान सांगणारा, ज्याला सगळे एसपीआरटी म्हणतात.

सेल गेला तर समोरची लॅब तो आपल्या सेलशी थेट ताडते. एकच थर्मामीटर आधी एका सेलमध्ये, मग दुसऱ्यात. थर्मामीटरचे दोष दोन्हीकडे सारखेच येतात आणि वजा होतात. थर्मामीटर गेला तर दोन्ही लॅबचं सगळंच तपासलं जातं : भट्टी, ब्रिज (रोध मोजणारं यंत्र), पाण्याचा त्रिक बिंदू (जिथे बर्फ, पाणी आणि वाफ एकत्र नांदतात) आणि माणसाचा हातसुद्धा. सीसीटी-के३ या मोठ्या तुलनेत १५ प्रयोगशाळा होत्या. आर्गॉनपासून ॲल्युमिनियमपर्यंतचे बिंदू त्यांनी थर्मामीटर फिरवून ताडले आणि समन्वय निस्टने केला. ॲल्युमिनियम आणि चांदीसाठीची सीसीटी-के४ पीटीबीने सांभाळली, तिथे सेल फिरले.

नवख्यांनी पहिल्यांदा सेलची तुलना करावी असं माझं मत आहे. थर्मामीटर फार नाजूक जीव आहे.

पायरी २ : प्रोटोकॉल आधी, भट्टी नंतर

कोण किती वेळा गोठवणार, किती करंट देणार, कुठल्या दुरुस्त्या लावणार, अनिश्चितता, म्हणजे आपला आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते, कुठल्या रकान्यांत मांडणार, हे सगळं सुरुवातीलाच कागदावर येऊ द्या आणि दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. नंतर ठरवलेला नियम नेहमी आपल्याला सोयीचा असतो, हे मनुष्यस्वभावाचं गणित इथेही लागू पडतं. तीन स्वतंत्र फ्रीझ हवेत, म्हणजे जस्त दर वेळी पुन्हा वितळवून नव्याने गोठवायचं. एकाच फ्रीझमध्ये तीनदा वाचलं तर ते तीन फ्रीझ होत नाहीत. हा घोळ मी अनुभवी माणसांनाही घालताना पाहिलंय.

पायरी ३ : थर्मामीटरची नाडी बघा

एसपीआरटीचा रोध पाण्याच्या त्रिक बिंदूला, म्हणजे ०.०१ अंशाला, साधारण २५.५ ओहम असतो. श्रेणीला नुसता रोध नको असतो, गुणोत्तर लागतं : जस्तातला रोध भागिले त्रिक बिंदूचा रोध. या गुणोत्तराला डब्ल्यू म्हणतात आणि जस्तासाठी ते २.५६९च्या जवळ येतं. म्हणजे जस्तात तुमचा ब्रिज ६५.५ ओहमच्या आसपास दाखवेल.

इथे एक सापळा आहे, तो नीट समजून घ्या. त्रिक बिंदूच्या वाचनात ०.१ मिलीकेल्विनची चूक झाली, तर जस्तात ती जवळजवळ ०.३ मिलीकेल्विन होते. ॲल्युमिनियमपर्यंत गेलात तर चौपटीच्या वर. नवखा माणूस आपलं सगळं लक्ष तापलेल्या भट्टीकडे लावतो आणि कोपऱ्यातल्या बर्फाच्या सेलकडे दुर्लक्ष करतो. खरी चूक बहुधा त्या गार कोपऱ्यात असते. बर्फाचं कवच आदल्या दिवशी किंवा त्याच्याही आधी तयार करून मुरू द्या. ताज्या बर्फात ताण असतो. कवच विहिरीभोवती, म्हणजे थर्मामीटर ज्यात बसतो त्या मधल्या नळीभोवती, मोकळं फिरतंय ना, ते सेल हलकेच हिसकून बघा. नसेल फिरत, तर कोमट काचेची दांडी क्षणभर विहिरीत घालून आतली पातळ फट तयार करा. त्रिक बिंदूचं पाणीसुद्धा वाटेल ते चालत नाही, त्याची समस्थानिकांची घडण कोणती धरायची हे २००५ साली रीतसर ठरवून दिलं गेलं.

थर्मामीटरला धक्का लागलाय का, तेही इथेच कळतं. माझ्या पहिल्या वर्षी एसपीआरटी स्टँडवर ठेवताना त्याचं टोक कडेला टेकलं. टेकलंच म्हणायचं, आपटलं म्हणावं इतकंही नाही. ‘टक्’ असा आवाज झाला आणि मी इकडे तिकडे पाहिलं, कोणी ऐकलं नव्हतं. त्रिक बिंदूला रोध घेतला तर आदल्या दिवसापेक्षा पाऊण मिलीकेल्विन जास्त. प्लॅटिनमची तार आतल्या आत ताणली गेली होती. ॲनीलिंगला, म्हणजे तापवून तारेतला ताण घालवायला, रात्रभर भट्टीत ठेवल्यावर बराचसा परत आला, सगळा नाही. तेव्हापासून त्रिक बिंदू घेतल्याशिवाय मी कुठल्याही थर्मामीटरवर विश्वास ठेवत नाही, स्वतःच्या तर मुळीच नाही.

दोन बारक्या गोष्टी. नळीला बोटं लावू नका. लागलीच तर भट्टीत घालण्याआधी अल्कोहोलने पुसा, नाहीतर बोटांचे ठसे तापून क्वार्ट्झवर कायमचे पांढरे डाग होऊन बसतात. आणि ॲल्युमिनियमच्या तापमानाहून थर्मामीटर थेट बाहेर ओढू नका. पाचशे अंशांच्या खाली येईपर्यंत सावकाश गार होऊ द्या, मग बाहेर काढा.

पायरी ४ : जस्त गोठवणं

आदल्या संध्याकाळी सेल भट्टीत घाला आणि भट्टी ४२४ अंशांच्या आसपास ठेवून घरी जा. सकाळपर्यंत सगळं जस्त वितळून मिसळलेलं असेल. थर्मामीटर विहिरीत सोडा आणि भट्टी खाली आणायला सुरुवात करा, मिनिटाला अंशाचा दहावा भाग, एवढ्या बेताने.

आता ब्रिजकडे बघत बसा. रोध उतरत जातो, उतरत जातो, तापमान ४१९.५च्या खाली अगदी थोडं घसरतं, आणि मग अचानक वर उसळी घेतं. जस्त गोठायला लागलं. गोठणबिंदूच्या खाली जाऊनही द्रवच राहणं याला सुपरकूलिंग म्हणतात. जस्तात ते अंशाच्या शंभराव्या भागांत मोजण्याइतकं असतं. कथील मात्र हट्टी. शुद्ध कथील वीस-पंचवीस अंश खाली गेलं तरी गोठायचं नाव घेत नाही, म्हणून त्याचा सेल भट्टीतून वर उचलून गार करावा लागतो आणि उसळी दिसली की परत खाली सोडावा लागतो. पहिल्यांदा हे करताना हात थरथरतात. साहजिक आहे.

उसळी दिसली की जस्त बाहेरच्या भिंतीकडून, म्हणजे मुशीच्या कडेने, गोठायला लागलेलं असतं. पण थर्मामीटर बसतो मधल्या विहिरीत. त्याच्याभोवतीही घन जस्ताचं पातळ कवच हवं. म्हणून थर्मामीटर बाहेर काढा आणि खोलीच्या तापमानाची क्वार्ट्झची दांडी विहिरीत घाला. दोन-तीन मिनिटं ठेवा, काढा, पुन्हा दुसरी गार दांडी तेवढाच वेळ. दांडीमुळे विहिरीला लागून एक पातळ घन थर धरतो. आता थर्मामीटरच्या एका बाजूला घन आणि पलीकडे द्रव, दोन्हींची सीमारेषा अगदी जवळ. या सीमारेषेचं तापमान आपल्याला हवं असतं. भट्टी गोठणबिंदूच्या अर्धा ते एक अंश खाली लावा, आधी गरम करून ठेवलेला थर्मामीटर परत सोडा आणि अर्धा तास हात लावू नका.

मग पठार दिसतं. आलेख सपाट, तासन् तास. भट्टी नीट सांभाळली तर आठ-दहा तास सहज. पण सगळं पठार सारखं नसतं. जसजसं जस्त गोठत जातं, तशी बहुतेक अशुद्धी उरलेल्या द्रवात लोटली जाते आणि तापमान हळूच खाली झुकतं. म्हणून वाचन पठाराच्या पहिल्या भागात घ्या, साधारण पाव भाग गोठेपर्यंत. दुपारी जेवून येऊन पठाराच्या शेपटीवर वाचन घेतलंत तर तुम्ही जस्त नाही, जस्तातलं शिसं मोजताय.

ॲल्युमिनियम सिलिकावर हल्ला करतं, म्हणून त्याचा क्वार्ट्झशी स्पर्श होऊ द्यायचा नाही. चांदी ऑक्सिजन शोषते आणि तिचा गोठणबिंदू खाली जातो, म्हणून शुद्ध आर्गॉनशिवाय तिच्या वाटेला जाऊ नका. शिवाय चांदीच्या ९६१.७८ अंशांना हा २५ ओहमचा थर्मामीटर चालत नाही, कमी ओहमचा वेगळा लागतो.

पायरी ५ : वाचन

मोजण्यासाठी करंट दिला की तार स्वतःच किंचित तापते. म्हणून एक मिलीअँपिअरला वाचा, मग १.४१४ मिलीअँपिअरला. दुसऱ्या वेळी शक्ती बरोबर दुप्पट, म्हणून तापही दुप्पट. पहिल्या वाचनाची दुप्पट करून दुसरं वजा केलंत की शून्य करंटचा रोध मिळतो. शेवटी परत एक मिलीअँपिअरला येऊन पहिलं वाचन तपासा.

मग बुडवण्याची चाचणी. थर्मामीटर विहिरीच्या तळापासून दोन-दोन सेंटिमीटर वर उचलत वाचा. वर धातूचा थर कमी, दाब कमी, म्हणून गोठणबिंदू किंचित कमी यायला हवा : जस्तात मीटरमागे २.७ मिलीकेल्विन, म्हणजे दोन सेंटिमीटरला जेमतेम ०.०५. तुमच्या थर्मामीटरने तळाच्या काही सेंटिमीटरांत हा उतार दाखवला, तर तो धातूचंच तापमान वाचतोय. उतार भलताच निघाला तर उष्णता नळीतून वर निसटतेय, आणि पुढचं सगळं काम थांबवून भट्टी दुरुस्त करा. बुडवण्याची चाचणी न दाखवणाऱ्या अहवालाला मी फार किंमत देत नाही.

फ्रीझ संपल्यावर लगेच पुन्हा पाण्याचा त्रिक बिंदू. डब्ल्यू काढताना हाच नंतरचा रोध भाजक म्हणून घ्यायचा.

पायरी ६ : दुरुस्त्या

समजा संवेदकाचा मध्य जस्ताच्या पृष्ठभागाखाली १५ सेंटिमीटरवर आहे. २.७ गुणिले ०.१५, म्हणजे ०.४ मिलीकेल्विन. तेवढं तिथलं तापमान व्याख्येपेक्षा जास्त आहे, ते काढून टाका. सेलमधल्या वायूचा दाब गोठताना एक वातावरण नसेल तर तीही दुरुस्ती लागते. संपूर्ण एका वातावरणाच्या फरकाला जस्तात सुमारे ४.४ मिलीकेल्विन पडतात, तेव्हा दोन हजार पास्कलच्या चुकीला ०.०९.

अशुद्धीचं काय? सहा नऊवालं जस्त म्हणजे ९९.९९९९ टक्के. पुरवठादाराच्या कागदावर अशुद्धी वजनाने दिलेली असते, आपल्याला अणूंच्या संख्येने हवी असते. शिशाचा अणू जस्ताच्या तिपटीहून जड, म्हणून वजनाने दशलक्षात एक भाग शिसं म्हणजे अणूंच्या हिशोबाने दशलक्षात ०.३२ भागच. सगळ्या मूलद्रव्यांची बेरीज समजा दशलक्षात अर्धा भाग आली. अशुद्धीने गोठणबिंदू किती उतरतो ते ज्यावरून काढतात तो क्रायोस्कोपिक स्थिरांक जस्तासाठी केल्विनमागे ०.००१८ आहे, भागाकार केलात की ०.२८ मिलीकेल्विन. सगळी अशुद्धी द्रवातच राहते असं धरून काढलेला हा सरळसोट अंदाज आहे. काही लॅब तो दुरुस्ती म्हणून लावतात, काही नुसत्या अनिश्चिततेत धरतात. काय केलं ते स्पष्ट लिहा म्हणजे झालं, दोन्हीकडे धरू नका.

अनिश्चिततेच्या तक्त्यात मग हे सगळे रकाने येतात : अशुद्धी, खोली, दाब, त्रिक बिंदूतून वाढून आलेली चूक, स्वतःचा ताप, ब्रिज, प्रमाणित रोध, उष्णतेची गळती आणि फ्रीझ-फ्रीझमधला चढउतार. तक्ता फार सुंदर दिसायला लागला, सगळं कसं ०.२ मिलीकेल्विनच्या आत, तर एखादा रकाना विसरलाय.

पायरी ७ : प्रवास

कुरियर नाही. माणूस घेऊन जातो, मांडीवर. एसपीआरटी फोमच्या पेटीत, आणि ती पेटी आणखी एका मऊ पेटीत. सेल उभाच न्यायचा. विमानतळावर काचेची लांब नळी आणि आत धातू असं काही निघालं की प्रश्न येणारच, तेव्हा संस्थेच्या लेटरहेडवर दोन भाषांत पत्र ठेवा. पेटी उघडली तर आपण हात लावणार, दुसऱ्याला लावू देणार नाही, हे नम्रपणे पण ठामपणे सांगायचं. निघण्याआधी त्रिक बिंदू, पोचल्यावर त्रिक बिंदू, परत आल्यावर त्रिक बिंदू.

पायरी ८ : आकडे बंद पाकिटात

समोरच्याचा आकडा न बघता आपला आकडा आणि अनिश्चितता समन्वयक लॅबकडे द्यायची. अनिश्चितता न दिलेला निकाल धरलाच जात नाही. एखाद्याचा आकडा विचित्र वाटला तर समन्वयक त्याला एवढंच सांगू शकतो की, बाबा, एकदा हिशोब तपासून बघ. किती चुकलाय आणि कुठल्या बाजूला, हे सांगायची मुभा नाही. हा नियम मला फार आवडतो.

आता हिशोब. समजा त्याच थर्मामीटरचा, सगळ्या दुरुस्त्यांनंतरचा, डब्ल्यू तुमच्याकडे २.५६८७१२४ आला आणि समोरच्याकडे २.५६८७०९०. फरक ०.०००००३४. जस्तापाशी डब्ल्यू अंशाला ०.००३४९५ने वाढतो. भागलं की ०.९७ मिलीकेल्विन. म्हणजे तुमचं जस्त त्यांच्या जस्तापेक्षा जवळजवळ एक मिलीकेल्विन गरम गोठतं.

हे जास्त की कमी? तुमची विस्तारित अनिश्चितता (साधारण ९५ टक्के खात्रीने सांगितलेली) समजा १.२ मिलीकेल्विन, त्यांची १.५. दोन्हींचे वर्ग करून बेरीज आणि वर्गमूळ : १.९२. फरक भागिले हे, ०.५१. हा आकडा एकच्या आत असला तर दोघांचे दावे एकमेकांशी जुळतात. एकच्या वर गेला तर कोणाचं तरी जस्त तो म्हणतो तितकं चांगलं नाही, आणि ते कोणाचं हे दोन लॅबच्या तुलनेतून कळत नाही. त्यासाठी तिसरा लागतो. म्हणूनच मोठ्या तुलनांत १५-१५ लॅब असतात. एकमेकांतला फरक आणि त्याची अनिश्चितता मिळून होणाऱ्या जोडीला समतुल्यतेची पातळी म्हणतात.

यानंतर ड्राफ्ट ए, म्हणजे अहवालाचा पहिला मसुदा, येतो, तो फक्त सहभागी लॅबना दिसतो. त्यात आपला आकडा इतरांपासून लांब पडलेला दिसला की पोटात गोळा येतो. त्या क्षणी जुनी वही उघडून एखादी ‘राहिलेली’ दुरुस्ती शोधायचा मोह होतो. आकडे उघड झाल्यावर सगळ्यांच्या संमतीशिवाय बदलता येत नाहीत, आणि संमतीसाठीही फिरता नमुना बिघडल्यासारखं ठोस कारण लागतं. ड्राफ्ट बी मान्य झाला की निकाल बीआयपीएम या आंतरराष्ट्रीय मापन संस्थेच्या केसीडीबी या डेटाबेसमध्ये जातो, आणि जगात कुणालाही तो बघता येतो.

तोवर थर्मामीटर परत आलेला असतो. पेटी उघडा, अल्कोहोलने पुसा, त्रिक बिंदूत घाला आणि निघतानाच्या वाचनाशेजारी आजचं वाचन लिहा. दोन्ही ०.१ मिलीकेल्विनच्या आत असतील तर ठीक. नसतील तर ते वाचन खोडू नका, तसंच पाठवा.